हरकतीचे आठ दिवस

कैऱ्या बाजारात दिसायला लागल्या की लोकांना लोणच्याची आठवण होते. मला मतदारयादीची होते. दर दोन वर्षांनी याच दिवसांत मेल येते, ‘पोहरा परिवाराची मतदारयादी सोबत जोडली आहे. हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावी.’ यंदाही आली. मी ती उघडली नाही. फोन पालथा ठेवला आणि गॅसवर काहीही नसताना स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. खाली सोसायटीच्या हौदात टँकर रिकामा होत होता, वॉचमन पाइपवर पाय देऊन उभा होता, आणि मला लाज वाटत होती. इतक्या वर्षांत ती जरा जुनी व्हायला हवी होती. होत नाही.

पोहरा हे आमच्या सॉफ्टवेअरचं नाव. विहिरी, बोअर, हातपंप यांच्या पाण्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. फुकट, आणि नुसतं फुकट नाही, उघडं. म्हणजे त्याच्या पोटात काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, आपल्या गावापुरतं बदलून घ्यावं. अशा कामाला मालक नसतो. मालक नसला की भांडणं जास्त, म्हणून मग घटना लागते, समिती लागते, निवडणूक लागते. शेजारच्या काकूंना मी एकदा हे समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे पगार नाही, आणि तरी निवडणूक? मग भांडता कशावरून?’ मी हसून वेळ मारून नेली. कशावरून भांडतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

आमची पहिली निवडणूक झाली तो उन्हाळा लागोपाठच्या दुसऱ्या कोरड्या वर्षाचा होता. तेव्हा एसटीच्या पाट्यांवर अजून औरंगाबाद लिहिलेलं असायचं. नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, कधी सहाव्या, आणि पाण्याच्या दिवसाला सणाचा मान आला होता. ‘आमच्याकडे मंगळवारी पाणी आहे, तुम्ही बुधवारी या,’ असं सांगून मुलगी बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकललेला मी पाहिला आहे. कूलरमध्ये पाणी घालायची चैन संपली होती. तो कोरडाच फिरायचा आणि जुन्या वाळ्याचा धुरकट वास खोलीभर उडवायचा. त्या वासानं अजूनही माझा घसा सुकतो.

शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बायपासच्या पलीकडे, जिथं माझ्या लहानपणी बाजरी दिसायची, तिथं सहा-सहा मजली इमारती उठत होत्या, आणि त्यांच्या फलकांवर कारंज्यांची चित्रं होती. ओल्या स्लॅबवर मारायला पाणी नेणारा टँकर आणि गावाला प्यायचं पाणी नेणारा टँकर एकाच सिग्नलला शेजारीशेजारी उभे असायचे. मी स्कूटरवर त्यांच्या मधोमध. दोन्हींच्या नळातून थेंब गळत असायचे, आणि मी दोन्हींकडे बघून मान वळवायचे. आता मी राहते ती इमारत त्यातलीच एक आहे.

पोहरा सुरू केला मेधाताईंनी. त्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानावर त्यांच्या भावाची एक रिकामी खोली होती, तिथं आम्ही शहरातले सात-आठ जण रविवारी आणि गुरुवारी दुपारनंतर जमायचो. बाकीची मंडळी पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात, आणि त्यांची भेट फक्त पडद्यावर. जिना इतका अरुंद की खाली उतरणाऱ्यानं वर येणाऱ्याला हाक मारून थांबवायचं. खालून कोऱ्या वह्यांचा वास वर यायचा, रस्त्यावरून रिक्षांचे भोंगे. मेधाताईंचा एकच आग्रह होता आणि तो त्या दर बैठकीत उगाळायच्या. ‘आपण कुणाला पगार देत नाही. तर निदान ज्याचं काम त्याचं नाव तरी नीट लिहा.’ आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. सुरू झाल्या, असं म्हणायचो.

गुरुवारी कडुबाभाऊ यायचे. देवगाव रंगारीला स्टँडजवळ एका गाळ्यात त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. गुरुवार हा शहरातल्या छावणी भागातल्या जनावरांच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे गावाकडून निघालेल्या एखाद्या पिकअपमध्ये त्यांना जागा मिळायची. त्या उन्हाळ्यात पिकअपमध्ये जनावरं असायची. येताना भरलेली गाडी जाताना रिकामी जायची. छावणीत उतरून तिथून रिक्षानं आमच्या खोलीवर. शर्टाच्या खिशात गोळ्यांची रिकामी डबी, आणि डबीत कापसात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. गावात टॉवर होता, पण लाइट गेली की तोही बसायचा. ‘ताई, नेटचा भरवसा नाय,’ ते म्हणायचे. ‘पिकअपचा हाय.’

आल्याआल्या पाणी विचारलं की म्हणायचे, ‘अर्धाच गिलास द्या.’ त्या वर्षी सगळेच पाहुणे अर्धा ग्लास मागायचे. मागताना कुणाला अवघडल्यासारखं होत नव्हतं आणि देतानाही नाही. आता आठवलं की वाटतं, केवढी सभ्यता होती ती.

पेनड्राइव्हबरोबर दर खेपेला एक कागद असायचा, वहीतून फाडलेला, रेघांचा. त्यावर अकरा नावं. संगीता, रुख्मिण, शबाना, ज्योती आणि बाकीच्या. कडुबाभाऊंच्या क्लासमधल्या या अकरा जणी. प्रत्येकीच्या नावापुढे त्या आठवड्यात तिनं काय केलं ते कडुबाभाऊंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं. कुणी पडद्यावरची अवघड वाक्यं बोलीभाषेत सोपी केलेली, कुणी गावोगावच्या विहिरींवर वापरून बघून चुका शोधलेल्या, तिघी-चौघी तर प्रत्यक्ष प्रोग्राम लिहायला लागलेल्या.

हे सगळं आमच्या सामाईक साठ्यात चढवायचं काम माझ्याकडे होतं. कुठलाही बदल चढवला की मशीन त्याच्यापुढे दोन नावं लिहितं, एक लिहिणाऱ्याचं आणि एक चढवणाऱ्याचं. लिहिणारा वेगळा असेल तर तसं मशीनला सांगावं लागतं. एक ओळ टाइप करायची असते, फार नाही. नाही सांगितलं तर ते दोन्हीकडे चढवणाऱ्याचंच नाव घालतं. म्हणजे माझं. पहिल्या गुरुवारी मी अकराही नावं घातली. दुसऱ्या गुरुवारी लाइट जायची वेळ झाली होती म्हणून राहिली. तिसऱ्या गुरुवारपासून मला कारण लागलं नाही. कागद मात्र मी जपून खणात ठेवत गेले. एकदा निवांत बसून सगळी नावं लावून टाकू, असं म्हणत.

त्या अकरा जणींत संगीता वेगळी होती. लग्न होऊन देवगावात आलेली, बारावीनंतर शिक्षण सुटलेली. मी तिला तेव्हा एकदाच पाहिलं होतं, कडुबाभाऊंच्या क्लासच्या उंबऱ्याशी, हाताला पीठ तसंच. आमच्या फॉर्मवर विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते मीटरमध्ये विचारलेलं होतं. गावात विहीर परसात मोजतात. एक परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली. दोरीला दगड बांधून सोडतात आणि सांगतात, आठ परसावर पाणी आहे. लोक फॉर्मवर ‘आठ’ लिहायचे आणि आमचं मशीन आठ मीटर समजायचं. तळाला गेलेलं पाणी आमच्या नकाशावर वर आलेलं दिसायचं. यावर आम्ही शहरातल्या हुशार लोकांनी तीन बैठका घेतल्या. गावकऱ्यांना मीटर कसं शिकवावं, हा विषय.

संगीतानं मीटरच्या शेजारी परसाचा पर्याय ठेवला आणि गणित आत करून टाकलं. वर प्रत्येक गावाला आपला परस किती फुटांचा ते एकदाच सांगायची सोय केली, कारण तिच्या माहेरचा परस आणि सासरचा परस सारखा नव्हता. पन्नास-साठ ओळींचं काम. मी ते वाचलं आणि मला खरोखर आनंद झाला. त्या आनंदाच्या मागोमाग काहीतरी आंबट वर आलं. हे मला का नाही सुचलं, असं. तोही बदल मी माझ्याच नावावर चढवला. त्या दिवशी लाइट होती.

मेधाताईंची मुलगी परदेशात. तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं तसं त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, ‘वारस नेमणं मला पटत नाही. तुम्ही मत द्या.’ मग घटना लिहायला घेतली, आणि ती लिहिण्यात मी पुढे होते. मागच्या वर्षभरात स्वतःच्या नावावर किमान पाच बदल असतील तो मतदार, हे कलम माझं. चांगलं कलम होतं ते. काम करणाऱ्यालाच मत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेधाताई म्हणाल्या, ‘यादी अनघा करेल. ती नीटस आहे.’ अनघा म्हणजे मी. आठवड्यानं मी प्रमुख पदासाठी अर्ज भरला, आणि यादी दुसऱ्या कुणाकडे द्यावी असं कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी ते बोलले नाही.

मला ते पद का हवं होतं, हेही सांगून टाकते. चिकलठाण्याच्या कंपनीत मी बारा वर्षं काढली होती, आणि माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझा साहेब झाला होता. बैठकीत चहा सांगायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघायचे. पोहऱ्यात मला कुणी चहा सांगायला लावत नव्हतं. इथं माझ्या नावापुढे शेकडो बदल होते. मी साठ्याचं पान उघडून नुसती तो आकडा बघत बसायचे, आणि त्यातले किती माझे नाहीत ते हळूहळू विसरत चालले होते.

कडुबाभाऊंनीही अर्ज भरला. माझं निवेदन दोन पानांचं होतं, त्यात दृष्टी होती, टप्पे होते, मोठ्या पडद्यावरचा थेट नकाशा होता. त्यांचं एक ओळीचं. ‘नेट नसलं तरी पोहरा चालला पाहिजे. बाकी काय नाय.’ ते वाचून मला राग आला. आपण हाताला धरून आणलेला माणूस आपल्याच समोर उभा राहतो, असं वाटलं. कडुबाभाऊंना मी हाताला धरून आणलं नव्हतं. ते बैलांच्या शेजारी उभं राहून, स्वतःच्या पायानं आले होते.

यादी काढली. अडतीस नावं आली. देवगाव रंगारीचं एकच, कडुबाभाऊंचं, कारण गुरुवारी आमच्या खोलीत बसून ते कधीकधी स्वतः टाइप करायचे. त्या अकरा जणींच्या नावापुढे एक-एक बदल होता, पहिल्या गुरुवारचा. पाचाला चार कमी. मी ते पाहिलं. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की घाईत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं होतं. खण हाताशी होता. त्यातले कागद काढून दोन दुपारी बसले असते तर यादी एकोणपन्नास झाली असती. आणि ती अकरा मतं कुणाला जातील हे मला बोटांवर मोजावं लागलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना बाबांना सांगितलं. बाबा सरकारी कचेरीत कारकून म्हणून राबलेले, आणि नोकरीभर निवडणुकीच्या कामावर जाऊन आलेले. पेट्या घेऊन बैलगाडीतून वस्त्यांवर गेल्याच्या त्यांच्या गोष्टी आम्ही कंटाळा येईपर्यंत ऐकलेल्या.

‘यादी कुणी केली?’ त्यांनी विचारलं.

‘मी.’

‘आणि उभं कोण आहे?’

‘मी आणि कडुबाभाऊ.’

बाबांनी बशी खाली ठेवली. ‘अगं, असं कुठं असतं का?’

‘सरकारी नाहीये हे, बाबा. यात मशीनच यादी काढतं.’

‘आणि मशीनला कोण सांगतं?’

‘तुम्हाला नाही कळायचं ते,’ मी म्हणाले. बाबांनी उरलेला चहा संपवला, कप विसळायला पाणी नव्हतं म्हणून तसाच मोरीत नेऊन ठेवला आणि फिरायला निघून गेले. त्यांना सगळं कळलं होतं. वडिलांना गप्प करण्याची ती सोपी रीत मी त्याआधी आणि त्यानंतरही पुष्कळदा वापरली, पण त्या दिवसाची आठवली की अजून मान खाली जाते.

हरकतीसाठी आठ दिवस होते. हरकत मेलनं घ्यायची होती. ज्या गावात चार-चार दिवस मेल उघडत नाही त्या गावालाही आठच दिवस, सगळ्यांना समान. सहाव्या दिवशी गुरुवार आला. कडुबाभाऊ आले, डबी टेबलावर ठेवली, अर्धा ग्लास पाणी प्यायले. यादी त्यांनी वाटेत कसाबखेड्याला रेंज आल्यावर फोनवर पाहिली होती.

‘ताई, यादीत आमच्या पोरी दिसंनात.’

‘यादी मशीन काढतं, कडुबाभाऊ. माझ्या हातात काही नसतं.’

‘व्हय, पण काम तर केलंय त्यांनी. दर गुरुवारी मीच आणून दिलं की.’

‘पाच बदल लागतात. तेवढे भरले नसतील त्यांचे.’

हे म्हणताना माझा हात खणाच्या कडीवर होता. मुद्दाम ठेवलेला नव्हता, माझी बसायची सवयच तशी होती. कडुबाभाऊंनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. खोलीत आणखी दोघं काम करत होते, त्यांनी मान वर केली नाही. कूलर कोरडा घरघरत होता.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘मशीनच म्हणतंय म्हणल्यावर काय बोलावं.’ मग नेहमीसारखा तो रेघांचा कागद घडी उलगडून माझ्यापुढे ठेवला आणि जिना उतरले. मी तो घेतला आणि खणात टाकला. कुणाचीही हरकत आली नाही.

मी सहा मतांनी निवडून आले.

पुढच्या गुरुवारी कडुबाभाऊंनी डबीबरोबर एक बरणी आणली. कारळाची चटणी. ‘पोरींनी केलीय. ताई निवडून आल्या म्हणून.’ आम्ही ती महिनाभर खाल्ली. फेकून द्यायचं धाडस नव्हतं, आणि चवीला ती फार चांगली होती. बाबा भाकरीवर घेताना विचारायचे, ‘कुणी दिली म्हणालीस?’ त्यांच्या लक्षात नसायचं की मुद्दाम विचारायचे, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

दोन वेळा मी प्रमुख होते. बंगळूरच्या एका मेळाव्यात पडद्यावर परसाचं गणित दाखवून मी बोलले, आणि दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण येऊन म्हणाला, ‘हे तुम्हाला सुचलं कसं?’ मी म्हणाले, ‘आमच्याकडच्या लोकांकडून शिकले.’ किती नम्र उत्तर होतं ते. नेट नसताना चालण्याचं काम मी ‘पुढच्या आवृत्तीत’ असं तीनदा लिहून पुढं ढकललं. देवगावचा पेनड्राइव्ह आणखी काही गुरुवार आला, मग पंधरा दिवसांनी, मग नाही. मी चौकशी केली नाही. कामात असतील, असं ठरवून टाकलं.

वाईट माणसं कशी असतात याची माझ्या मनात एक कल्पना होती, आणि तिच्यात मी बसत नव्हते. मी कुणाचं नाव खोडलं नव्हतं. मतपेटी पळवली नव्हती. मी फक्त लिहायचं ते लिहिलं नाही, आणि विचारल्यावर मशीनकडे बोट दाखवलं. त्यासाठी कुठलीही घटना मला काही शिक्षा करू शकत नाही. मोठ्या पापाची माणसाला निदान भीती तरी वाटते. असल्या बारक्या पापाची नुसती लाज वाटते, आणि ती कुणाला सांगताही येत नाही, कारण ऐकणारा म्हणणार, एवढंच ना.

यंदाची मेल मी दोन दिवसांनी उघडली. यादीच्या वर समितीतल्या नव्या मुलांनी एक ठराव जोडला होता. पोहऱ्यात सर्वाधिक योगदान म्हणून मला आजीव मार्गदर्शक करावं, असा. खाली आकडा. खणातून पुढे घरी नेलेले ते रेघांचे कागद मी जुन्या घरून आणलेल्या पेटीतून काढले. कडा पिवळ्या झाल्या होत्या, अक्षर तसंच ठसठशीत. एकेका कागदासमोर साठ्यातला एकेक बदल शोधत गेले. दोन दुपारी लागल्या. एवढंच काम होतं ते, दोन दुपारींचं.

समितीला हरकत पाठवली. माझ्या नावावरचे अमुक इतके बदल माझे नाहीत, ज्यांचे आहेत त्यांची नावं सोबत जोडली आहेत, ठराव मागे घ्यावा. मग त्या नावांच्या आणि कामांच्या यादीची एक प्रत छापून घेतली आणि देवगाव रंगारीला निघाले. कबूल करते, मला हलकं व्हायचं होतं. वेरूळच्या पुढे रस्ता आता रुंद झालाय, दोन्ही बाजूंना प्लॉटचे दगड रोवलेले. गाडीत मी माफीची वाक्यं जुळवत होते आणि त्यातलं एक वाक्य मला बरंच आवडलंही होतं.

कडुबाभाऊंचे केस पांढरे झालेत. क्लास अजून आहे, त्याच गाळ्यात. मी सगळं सांगितलं. ते शटरच्या सावलीत खुर्चीवर बसून ऐकत होते.

‘मला तवाच कळलं होतं, ताई,’ ते म्हणाले.

‘मग हरकत का नाही घेतली?’

‘आमच्यासाठी दर गुरुवारी बसणारं दुसरं कोण होतं? तुमचं नाव खराब करून मला काय भेटणार होतं?’ त्यांनी खुर्ची सावलीत आणखी आत सरकवली. ‘पण पोरी विचारायला लागल्या. आमची नावं का नाय म्हणून. ताई खोटं बोलल्या असं कसं सांगू? मग म्हणलं, तुमचं काम पास नाय झालं. कमी पडलं. चटणी त्यांनी त्याच्यानंतर केली, बरं का. म्हणल्या, आपलं नाय जमलं तर नाय, ताईचं तर झालं.’

मी जुळवून आणलेलं वाक्य तिथंच संपलं.

‘दोघी-तिघी टिकल्या,’ कडुबाभाऊ म्हणाले. ‘बाकीच्या गेल्या सोडून. संगीतानं तर लगेच सोडलं. मी लई समजावलं, पण माझ्याच तोंडानं कमी पडलं म्हणलेलो. आता उलटं कसं बोलणार.’

संगीताच्या घरी आम्ही चालत गेलो. ती ओसरीवर लागवडीसाठी आद्रकाचं बेणं निवडत बसली होती, कुजलेलं एका बाजूला, डोळे फुटलेलं दुसऱ्या बाजूला. तिनं मला ओळखलं. पाणी आणलं, भरून ग्लास. मी उभ्याउभ्याच बोलले, बसण्याचं मला धैर्य झालं नाही. काम पास झालं होतं, नाव मी घातलं नव्हतं, विचारल्यावर खोटं बोलले, कडुबाभाऊंनी मला सांभाळून घेतलं. चार वाक्यं. मग छापलेला कागद तिच्यापुढे धरला.

तिनं हात पदराला पुसून कागद घेतला आणि बोट ठेवत ठेवत वाचला.

‘हे परसाचं,’ ती म्हणाली. ‘हे माझं हाय.’

‘हो. तुमचंच आहे.’

‘चुकलं नव्हतं?’

‘नाही. आजही तेच चालतं. एक अक्षर बदललेलं नाही कुणी.’

‘मला वाटायचं, माहेरच्या परसाचं गणित चुकलं असंल. लई दिवस घोकत होते मनात, कुठं चुकलं म्हणून.’

‘कुठंच नाही चुकलं.’

ती पुन्हा बेणं निवडायला लागली. दोन-तीन तुकडे तिनं नुसतेच हातात फिरवले आणि कुठल्याच बाजूला न टाकता मध्ये ठेवून दिले.

‘माझी पोरगी कॉम्प्युटरला जाते म्हणत होती, बारावी झाल्यावर,’ ती म्हणाली. ‘मीच नको म्हणलं तिला. म्हणलं, मी करून बघितलंय बाई, आपल्याला नाय जमत ते.’

‘आता कुठं असते ती?’ मी विचारलं.

‘दिली की,’ संगीता म्हणाली. ‘मागल्या वर्षी.’